जिममध्ये ट्रेनर व्हायचंय, नोकरी सोडू का?

पत्र:

ताई, मी २६ वर्षांचा, मूळचा कऱ्हाडजवळच्या एका गावातला. बी.कॉम. झालो आणि चार वर्षं चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे. पगार १९ हजार, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. भोसरीत ज्या जिमला जातो तिथले मालक म्हणतात, "तुझी बॉडी चांगली आहे, पोरं तुझं ऐकतात, फ्लोअर ट्रेनर म्हणून ये. १२ हजार पगार, पीटीचे, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे, क्लायंट मिळाले की निम्मे पैसे तुझे, प्रोटीनचे डबे विकलेस तर कमिशन वेगळं." सर्टिफिकेटचं नंतर बघू म्हणाले. तिथला एक सीनियर ट्रेनर सांगतो, कोर्समध्ये पैसे घालवण्यापेक्षा एक सायकल मार, म्हणजे काही आठवडे स्टेरॉइड्स घे, क्लायंट बॉडी बघूनच येतात. वडील तरुणपणी कुस्ती करायचे. ते म्हणतात, "तालमीत शिकवायचे कुणी पैसे घेतं का? हातची नोकरी सोडून लोकांना डंबेल उचलून देणार?" माझं इंग्रजी कच्चं आहे. बी.पी.एड. करू, कोर्स करू, की सरळ कामाला लागू? घरात स्थळं बघतायत, तिथे काय सांगायचं तेही कळत नाही.

एक वाचक, भोसरी

उत्तर:

नोकरी आत्ता सोडू नकोस. पण या कामाला नक्की लाग, आणि या आठवड्यापासूनच लाग. दोन्ही एकदम कसं करायचं ते सांगते.

मालकांनी तुला बोलवायची दोन कारणं दिली. बॉडी चांगली आहे, आणि पोरं तुझं ऐकतात. यातलं दुसरं कारण मला फार मोलाचं वाटतं. पहिल्याचा उपयोग दाराशी उभं राहण्यापुरता आहे. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि माझं पक्कं मत झालंय की ट्रेनरचं भांडवल त्याच्या दंडात नसतं, नजरेत असतं. समोरच्याचं शरीर कसं हलतंय, कुठे अडतंय, तो काय सांगायचं टाळतोय, हे दिसायला लागलं की माणूस ट्रेनर झाला. ही नजर आपोआप येत नाही, ती कमवावी लागते.

आधी एक गोष्ट बघ. जिममध्ये पीटी घेतं कोण? बाविशीतली पोरं घेत नाहीत. ती मोबाइलवर बघून, वजन उचलताना एकमेकांना आधार देत व्यायाम करतात. महिन्याला वेगळे पैसे मोजतात ते पंचेचाळिशी-पन्नाशीचे लोक. कुणाची शुगर नुकतीच निघालेली असते, कुणाची पाठ खुर्चीत बसून धरलेली असते, कुणाला पाळी गेल्यानंतर डॉक्टरांनी हाडांसाठी वजनं उचलायला सांगितलेली असतात. तुझं घर चालणार आहे ते या माणसांवर.

समज, सकाळी सात वाजता तुझ्यासमोर ५२ वर्षांच्या एक बाई उभ्या आहेत. पायात कोरे बूट, मुलाने तीन महिन्यांचं पॅकेज घेऊन दिलंय. तू म्हणतोस, "मॅडम, जरा स्क्वॉट करून दाखवा." त्या गुडघे पुढे काढत खाली जातात, अर्ध्यावर टाचा उचलल्या जातात, श्वास रोखलेला असतो आणि आजूबाजूला कोणी बघत नाही ना म्हणून नजर फिरते. आता काय करशील? मशीनवर बसवून वीस-वीसचे तीन सेट काढून घेशील? बरेच ट्रेनर तेच करतात.

त्याऐवजी मागे एक बेंच ठेव. "मॅडम, फक्त बसा आणि उठा. आधी कंबर मागे जाऊ द्या, मग गुडघे वाकतील." दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, बोटं किंचित बाहेर. टाच तरीही उचलली जात असेल तर घोटा आखडलेला आहे, तेव्हा टाचांखाली अडीच किलोच्या दोन प्लेट सरकव. उठताना श्वास सोडायला सांग, आणि तो सोडला जावा म्हणून त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लाव. बोलताना श्वास कोंडत नाही, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो. आठ वेळा, दोन सेट, आणि तो व्यायाम तिथे संपला. दुसऱ्या दिवशी त्यांना घराचा जिना चढता आला पाहिजे. तो चढता आला तरच त्या परत येणार आहेत.

आणि हे सगळं करण्याआधी पाच मिनिटं बसून बोलायचं. जगभर ट्रेनर पार-क्यू नावाची सात प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली वापरतात: हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुने आजार, चालू गोळ्या, हाडा-सांध्यांची दुखणी, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितलाय का. एकाही प्रश्नाला "हो" आलं की पुढचे प्रश्न नीट विचारायचे, गरज पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी मागायची. गोळ्यांची नावं वहीत लिहून घे. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके व्यायामातही फारसे चढत नाहीत, म्हणून हातातल्या घड्याळाचा आकडा बघून त्यांना पळवत राहिलास तर त्यांची दमछाक होईल. तिथे बोलता येतंय का हे बघायचं. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक, शब्द तुटायला लागले की थांबायचं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा माणूस सकाळी काही न खाता आला तर व्यायामात त्याची शुगर उतरू शकते: दरदरून घाम, हात कापणं, बोलण्यात गोंधळ. काउंटरच्या खणात साखर किंवा ग्लुकोज कायम असू दे.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दमवून सोडण्याची एक खोड आपल्या जिममध्ये आहे. "पैसे वसूल" वाटावेत म्हणून शंभर स्क्वॉट, पन्नास लंजेस. सवय नसलेल्या स्नायूंवर असा मारा झाला तर स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यातले घटक रक्तात उतरून किडनीवर येतात. दोन दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तो माणूस दवाखान्यात गेला पाहिजे, जिममध्ये नाही. अंग आंबणं वेगळं आणि हे वेगळं. हा फरक तुला माहीत नसेल तर तू कुणालाही शिकवू नयेस असं मी स्पष्टच म्हणेन.

म्हणून कोर्स. सर्टिफिकेटचं नंतर बघू, हे मालकांचं म्हणणं मला मान्य नाही. ट्रेनर व्हायला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे ते असं म्हणू शकतात. पण उद्या फ्लोअरवर कुणाला काही झालं तर समोर उभा असणारा तू आहेस.

बी.पी.एड. शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं असेल तर कर. अमरावतीचं १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा पुण्याचं आगाशे कॉलेज यांसारख्या ठिकाणी तो मार्ग उत्तम आहे. जिमसाठी त्याची अट नसते, आणि तुझ्या परिस्थितीत दोन वर्षं पूर्ण वेळ शिकणं परवडणारं दिसत नाही. तुझ्यापुढे दोन-तीन वाटा आहेत. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाशी जोडलेल्या क्रीडा-फिटनेस कौन्सिलचा 'फिटनेस ट्रेनर' हा लेव्हल ४ चा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या के-११ सारख्या खासगी संस्था आहेत. आणि एस (ACE), एनएएसएम (NASM) या अमेरिकी संस्थांच्या परीक्षा आहेत, ज्यांची फी डॉलरमध्ये आणि पेपर इंग्रजीत. मोठ्या साखळी जिममध्ये या परीक्षांना मान आहे, पण सुरुवात तिथून करायलाच हवी असं नाही. पहिला कोर्स इथला कर, आणि दोन वर्षांनी जमलं तर ती परीक्षा दे.

संस्था निवडताना जाहिरातीतलं "१०० टक्के प्लेसमेंट" वाचू नकोस. तिथे जा आणि तीन गोष्टी विचार. प्रत्यक्ष फ्लोअरवर किती तास उभं करता? सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवणं, शिकवता का? नापास कुणी होतं का? दोन दिवसांच्या वर्कशॉपनंतर सगळ्यांच्या हातात फ्रेम केलेलं सर्टिफिकेट पडत असेल तर तुझे पैसे वाचव. सीपीआर तर कोर्सची वाट न बघता शीक. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, किमान ५ सेंटीमीटर दाब, आणि दुसऱ्या कुणालातरी ताबडतोब १०८ लावायला सांगणं. वाचून हे हातात बसत नाही, पुतळ्यावर दाब देऊनच बसतं.

इंग्रजीची भीती सोड. ग्लूट्स, हॅमस्ट्रिंग, डेल्टॉइड, रोटेटर कफ अशी दीड-दोनशे नावं आणि संज्ञा पाठ करायच्या आहेत, आणि तू बी.कॉम. झालास म्हणजे पाठांतर तुला नवं नाही. भोसरीतल्या क्लायंटशी बोलायचंय मराठीत आणि हिंदीतच. "स्कॅप्युला रिट्रॅक्ट करा" म्हणण्यापेक्षा "खांदे मागे-खाली घ्या, छाती उघडा" म्हटलेलं त्यांना लगेच कळतं.

आता पैशाचं. समज तुमच्या जिममध्ये पीटीचे महिन्याला ६ हजार घेतात. निम्मे तुझे, म्हणजे एका क्लायंटमागे ३ हजार. तीन क्लायंट टिकले तर १२ आणि ९ मिळून २१ हजार, म्हणजे आजच्या पगाराच्या जेमतेम पुढे. आठ क्लायंट झाले तर ३६ हजार. पण आठ क्लायंट, आठवड्याला तीन-तीन दिवस, म्हणजे महिन्याला जवळजवळ शंभर तास नुसतं पीटीचं उभं काम, आणि फ्लोअर ड्युटी वर. जानेवारीत जिम भरते, मार्चपर्यंत ओसरते, मे महिन्यात लोक गावाला जातात, गणपती ते दिवाळी सुट्ट्यांवर सुट्ट्या. बारा महिने आठ क्लायंट कुणाचे नसतात, हे धरूनच हिशोब मांड.

शिवाय तुझ्या आजच्या पगाराला एक जोड आहे. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असतो, तुझाही कापला जात असेल. त्यावर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. पीएफमध्ये कंपनी आपला वाटा भरते. जिममध्ये यातलं काही आहे का ते विचार. नसेल तर नोकरी सोडायच्या आधी स्वतःचा आणि घरच्यांचा आरोग्य विमा काढ, नंतर नाही. चार-पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा लिहू नकोस.

तोवर करायचं काय? फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तुझी संध्याकाळ मोकळी असते. मालकांना सांग, सहा महिने मी आठवड्याआड संध्याकाळी दोन तास फ्लोअरवर येतो, पगार नको, पण तुमच्याकडचा सगळ्यात चांगला जो कुणी ट्रेनर असेल त्याच्या मागे मला उभं राहू द्या. सायकल मारायला सांगणारा नको, दुसरा. तो एखाद्या काकांना डेडलिफ्ट शिकवताना कुठे उभा राहतो, समोरून बघतो की बाजूने, किती बोलतो, कधी वजन उतरवतो, हे रोज घरी जाऊन लिही. बदल्यात प्लेटा रॅकवर लावून ठेवणं, नव्या मेंबरला मशीन दाखवणं ही कामं कर. मालकांना तू खरंच हवा असशील तर ते हो म्हणतील.

पुढे प्रत्यक्ष बोलणी होतील तेव्हा सगळं कागदावर घे: पगाराची तारीख, पीटीचा वाटा, क्लायंटने मध्येच सोडलं तर हिशोब कसा, नोटीस किती दिवसांची. मूळ कागदपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस, झेरॉक्स दे. पहिल्या वर्षापासून इन्कम टॅक्सचं रिटर्न भर. पुढे घरासाठी कर्ज काढायला जाशील तेव्हा बँक तेच मागते.

सायकलबद्दल मला मोठ्याने बोलायचंय. टेस्टोस्टेरॉन आणि तसली स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती जिममध्ये सर्रास फिरतात हे आपण दोघं जाणतो. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं करणं थांबवतं. अंडकोष आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, काहींच्या छातीत गाठी येतात, कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. तुझ्या घरी स्थळं बघतायत, म्हणून हे मुद्दाम सगळं लिहिलं. आणखी एक. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब उतरला तर चढवायला वापरतात ते मेफेंटरमाइनचं इंजेक्शन पोरं व्यायामाआधी जोर यावा म्हणून टोचून घेतात. पुणे परिसरात त्याची बेकायदा विक्री करणाऱ्यांना पोलिसांनी पकडलंही आहे. तू स्वतः घ्यायचं नाहीस, आणि कुणी "दादा, कुठे मिळतं?" विचारलं तर सांगायचंही नाहीस. फोन नंबर देणारा ट्रेनर आणि विकणारा यांत मी फरक करत नाही. त्या सीनियरला उलट उत्तर देत बसू नकोस, नको म्हण आणि आपल्या कामाला लाग. पण ज्या जिममध्ये हे मालकाच्या डोळ्यांदेखत चालतं तिथे काम करू नकोस, मग पगार कितीही असो.

प्रोटीन पावडरची गोष्ट वेगळी. व्हे हे दुधापासूनच होतं, त्यात वाईट काही नाही. अडचण कमिशनची आहे. ज्याला डबा विकायचाय त्यालाच "मला लागेल का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. सर्वसाधारण निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरावं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला याहून जास्त लागतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, कोरड्या सोया चंक्समध्ये शंभराला पन्नासच्या वर. आधी क्लायंट दिवसभरात काय खातो ते लिहून घे, मटकीची उसळ, दही, अंडी वाढवून बघ, आणि तरीही कमी पडत असेल तर डब्याचं बोल. डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे ना बघ. किडनीचा त्रास, गरोदरपण, इन्शुलिन, असं काही असेल तर आहार तू ठरवायचा नाहीस, आहारतज्ज्ञांकडे पाठवायचं. तसंच दुखऱ्या गुडघ्याचं. कडकड वाजवून "बसवून" देणारे ट्रेनर मी पाहिलेत. ते काम फिजिओथेरपिस्टचं आहे. ज्या क्लायंटला तू योग्य माणसाकडे पाठवशील तो तुला सोडून जात नाही, उलट शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

आणि बाई ट्रेनर म्हणून मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: कुणाचाही फॉर्म सुधारताना हात लावायच्या आधी विचारायचं, "खांद्याला हात लावून दाखवू का?" दर वेळी विचारायचं. शक्य तिथे स्वतः करून दाखव किंवा काठी पाठीला टेकवून समजाव. क्लायंटचे आधीचे-नंतरचे फोटो त्यांच्या लेखी होकाराशिवाय इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. बायका जिम सोडतात त्यामागे ही कारणं असतात, आणि त्या कारण न सांगता सोडतात.

वडिलांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वस्ताद पैसे घेत नव्हते, कारण तालमीला गाव पोसायचं, कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी पोसलं. तुमच्या जिमचं भाडं आणि विजेचं बिल मेंबरांच्या फीतून जातं. वडिलांशी वाद घालू नकोस, त्यांच्याच मातीतलं बोल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक त्यांना सांगायला नको. पण त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी, मातीत घडलेल्या खाशाबांना मॅट आणि तिथले नियम नवे होते, आणि रीस गार्डनर नावाच्या एका अमेरिकी मल्लाने त्यांना तयार केलं. तिथे ते सहावे आले. एवढ्या ताकदीच्या पैलवानालाही शिकवणारा लागला. मग वडिलांना विचार, तुमचे वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी किती जोर मारायला लावायचे? कुणाला लढत द्यायचे आणि कुणाला थांबवायचे, ते कशावरून ठरवायचे? ते जे सांगतील ते कोर्सच्या पुस्तकात सहसा मिळत नाही. तेही वहीत लिही.

राहिलं स्थळांचं. आत्ता आहे तेच सांगायचं: कंपनीत आहे, ट्रेनरचा कोर्स करतोय, पैसे साठले की काम बदलणार. कमाई सांगताना चांगल्या महिन्याचा आकडा सांगू नकोस. नंतर ट्रेनर झाल्यावर वर्षाची सरासरी काढून ती सांग. आणि वेळा स्वतः मुलीशी बोल, मध्यस्थाकरवी नको. पहाटे पाचला घराबाहेर, दुपारी घरी, पुन्हा संध्याकाळी पाच ते दहा जिमवर. चारचौघांची जेवायची वेळ असते तेव्हा तू घरी नसणार. दुपार मात्र तुझी असेल, पण मुलीची दुपारची नोकरी नसेल तरच ती तुम्हाला एकत्र मिळेल, तेव्हा तिची नोकरी काय, वेळा काय, हेही विचार. मालकांशी बोलशील तेव्हा रविवारची पूर्ण सुट्टी मागून घे. मुलीकडचे तो प्रश्न विचारतीलच.